भंगारच्या गाडीवरचा मास्तर

आजवर मी जे काही बोललो, त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. लोकांनी तोंड पुढे केलं, बटण दाबलं आणि मी ओरडलो. हे पहिलंच बोलणं माझ्या पदरचं आहे, तेव्हा आवाज थोडा कमीजास्त झाला तर सांभाळून घ्या.

मी भोंगा. हातात धरायचा, बॅटरीवर चालणारा, पुढून रुंद आणि मागून निमुळता. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे एक तपासनीस होता. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी प्रत्येकाला 'हॅलो, हॅलो, एक दोन तीन' असं म्हणायचा. जो तेच मोठ्याने परत म्हणायचा तो खोक्यात, जो गप्प राहायचा तो टोपलीत. आपण काय बोलतो याची कोणाला फारशी पडलेली नाही, मोठ्याने बोललं की पुरे, हे मला तिथेच समजलं.

माझा पहिला मालक निवडणुकीतल्या एका उमेदवाराचा माणूस. त्याच्या हातात बसून मी या वस्तीत पहिल्यांदा आलो आणि शाळेला नवं छप्पर मिळणार, असं गल्लोगल्ली सांगितलं. चांगलं दणदणीत सांगितलं. तो उमेदवार पडला. जो निवडून आला त्यानेही छपराचंच सांगितलं होतं, पण त्याचा भोंगा वेगळा होता, त्यामुळे पुढे काय झालं ते मला विचारू नका. मला फाटके फलक आणि वाकलेल्या खुर्च्यांबरोबर भंगारात काढलं.

भंगारवाल्याने मला तराजूत टाकलं, तोललं आणि मग सवयीने बटण दाबून पाहिलं. भंगारवाल्यांची ही रीतच आहे. कोणतीही वस्तू मोडायला टाकण्याआधी ती खरंच मेली आहे ना, हे ते एकदा तिलाच विचारून घेतात. मी कुरकुरलो.

"अरे, जिवंत आहे हा!" तो म्हणाला. मग त्याने मला गाडीच्या दांडीला तारेने घट्ट बांधून टाकलं. तेव्हापासून मी त्याचा नोकर.

भंगारवाल्याचा घसा ओरडून ओरडून पार बसला होता. त्याने एकदाच काय ते माझ्यात भरून ठेवलं: 'जुने डबे, बाटल्या, पत्रा, रद्दी! द्या भंगार!' बाटल्या आणि पत्रा यांच्या मधे त्याला खोकला आला. तोही भरला गेला. पुन्हा भरायचा कंटाळा, म्हणून पुढची काही वर्षं मी रोज त्याच जागी इमानेइतबारे खोकत राहिलो. कोणाची काही तक्रार नव्हती.

त्याला एक मुलगी. एका जागी दोन मिनिटं टिकत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती तिसरीत होती. सकाळी बाप गाडी काढायचा तेव्हा ती रद्दीच्या गठ्ठ्यावर दप्तर मांडीवर घेऊन बसायची आणि शाळेच्या फाटकापर्यंत फुकट जायची. जाताना दुकानांच्या पाट्या वाचायची. "सा... य... सायकल. दु... दुरु... बाबा, हळू! पाटी गेली ना!" मग बाप गाडी मागे घ्यायचा. मी तोवर त्याच दुकानासमोर दोनदा खोकून घ्यायचो. सायकलवाला वैतागायचा, पण पाटी पूर्ण व्हायची.

फाटकापाशी आलं की मला बंद करायचं, असा शाळेतल्या बाईंचा हुकूम होता. "तुमचा भोंगा सुरू झाला की माझा वर्ग संपतो," त्या म्हणायच्या. बाप लगेच बटण फिरवायचा. वस्तीतल्या पुढाऱ्यांना तो कधी घाबरला नाही, पण बाईंना घाबरायचा.

मग ती साथ आली. शाळा पंधरा दिवस बंद, असं सांगण्यात आलं. रस्तेही बंद झाले. गाडी घराला टेकून उभी राहिली आणि मी कॉटखाली गेलो. कॉटखालून मला जगातले फक्त पाय दिसायचे. भिंगरीची आई चार घरची धुणीभांडी करायची, तिचे पाय आता दिवसभर घरातच असायचे. तिला त्या घरांनी फाटकातूनच परत पाठवलं होतं. भिंगरीचे पाय तेवढे फिरत असायचे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. घर लहान असल्यामुळे तिला फार वेळा वळावं लागायचं.

अभ्यास फोनवर येईल, असा शाळेतून निरोप आला. निरोपही फोनवरच आला, त्यामुळे ज्यांच्याकडे तसा फोन होता त्यांनाच तो मिळाला. भंगारवाल्याचा फोन बटणांचा. त्याला रबर लावलेलं, नाहीतर बॅटरी बाहेर पडायची. त्या फोनवर फार तर हाक येते, गणित येत नाही. शेजारच्या घरात चांगला फोन होता, पण तो घेऊन त्यांचा मोठा मुलगा कामाच्या शोधात बाहेर असायचा. त्यामागच्या घरात तीन भावंडांत एक फोन होता. तिथे सकाळी आधी भांडण व्हायचं आणि भांडण मिटेपर्यंत तास संपायचा.

पंधरा दिवसांचे किती महिने झाले ते मी मोजलं नाही. मोजायचं काम सरकारकडे होतं.

पुढे थोडी मोकळीक मिळाली आणि गाडी निघाली. पण धंदा बसला होता, आणि त्याचं कारण मी होतो. 'जुने डबे, बाटल्या', आणि मग तो खोकला. खोकला ऐकला की गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागायच्या. एका आजोबांनी तर वरून पाण्याची बादली ओतली. औषधाचं पाणी होतं म्हणे. बाप कळवळून सांगायचा, "अहो, हा आत्ताचा खोकला नाही! जुना आहे, जुना!" पण साथीच्या दिवसांत जुन्या आणि नव्या खोकल्यातला फरक बघायला कोण खाली उतरतंय?

तेव्हा भिंगरीने तोंड पुढे केलं आणि बटण दाबलं. "जुने डबे, बाटल्या, पत्रा, रद्दी! द्या भंगार!" स्वच्छ, खणखणीत, खोकल्यावाचून. खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून भिंगरी गाडीबरोबर यायला लागली. "शाळा सुरू होईपर्यंतच हं," आई म्हणाली. "हो, हो, तोपर्यंतच," बाप म्हणाला. दोघंही मनापासून म्हणाले.

गाडीला माणूस लागतच होता. पलीकडच्या गल्ल्यांकडे जाताना एक चढ आहे. तिथे बापाचा गुडघा असहकार करतो. भिंगरी मागून ढकलायची. दोन हातांत तिच्या वयाच्या मानाने बरंच बळ आलं, आणि तिच्या बापाला त्याची सवय झाली. माणसाला सवय फार पटकन लागते. मी वर्षानुवर्षं खोकत होतो तेव्हाही कोणाला काही वाटत नव्हतं.

एका सकाळी बाई रस्त्यात भेटल्या. तोंडावर मास्क, हातात ताप बघायचं यंत्र. शाळा बंद असल्याने त्यांना घरोघरी आजारी माणसं मोजायचं काम दिलं होतं. भिंगरीचा आवाज माझ्यातून ऐकून त्या थबकल्या. माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हिचा आवाज किती गल्ल्यांत जातो?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या वस्तीत जातो, बाई," बाप म्हणाला.

"आणि माझा एकाही घरात जात नाही," बाई म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "याच्यात धडा भरता येईल का?"

अशा रीतीने मी मास्तर झालो. ज्या शाळेसमोर मला तोंड उघडायची बंदी होती, त्या शाळेतले धडे आता मी म्हणणार होतो. बाईंनी विचारलं, फेरीला वेळ किती लागतो? बापाने सांगितलं. बाईंनी बरोबर तेवढाच धडा बसवला आणि माझ्यात बसणाऱ्या एका मेमरी कार्डात भरून दिला. दर आठवड्याला नवं कार्ड. मधूनमधून भंगाराची हाक ठेवायची, ही बापाची अट होती, कारण पोटाला सुट्टी नसते. दोघांनी आपापलं काम चोख केलं. फक्त गाडी चालत असते आणि मुलं आपापल्या दारात बसलेली असतात, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. साथीमुळे मुलांना दार सोडायची बंदी होती.

त्यामुळे काय झालं, तर रस्त्याजवळच्या पहिल्या गल्लीला दर वेळी धड्याची सुरुवात मिळायची. 'मुलांनो, कसे आहात? आज आपण सातचा पाढा शिकणार आहोत.' गल्ली संपायची, गाडी वळायची. त्या गल्लीतली मुलं आज आपण काय शिकणार आहोत हे वर्षभर शिकली. मधल्या गल्लीला सात चोक अठ्ठावीसपासून साती साती एकोणपन्नासपर्यंतचा माल मिळायचा, मागचंपुढचं काही नाही. नाल्याकडच्या शेवटच्या गल्लीत मी पोचायचो तेव्हा फक्त एवढंच उरलेलं असायचं: 'आता हे सगळं पाच वेळा लिहा. शाब्बास!' तिथली मुलं आज्ञाधारक. काय लिहायचं ते माहीत नसल्याने त्यांनी आपापली नावं पाच वेळा लिहिली. शाब्बास मात्र त्यांना रोज मिळाली.

अख्खा धडा ऐकणारी एकच विद्यार्थिनी होती, ती म्हणजे गाडी ढकलणारी.

भिंगरीला सगळं तोंडपाठ झालं. पाढे, परिसर, प्राण्यांचे प्रकार, पाण्याचे उपयोग. बाई जिथे श्वास घ्यायच्या तिथे तीही घ्यायची. बाप चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगायचा, "पोरांच्या शाळा बंद आहेत. माझ्या पोरीची चालू आहे. दिवसभर चालू!" एका वार्ताहराने आमचा फोटो काढला आणि तो छापूनही आला. तो पेपर पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे रद्दीत आला. बापाने तो बाजूला काढून गादीखाली ठेवला. काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं, पण फोटोत मी बरा दिसत होतो.

त्याच दिवसांत रद्दीत पाठ्यपुस्तकं येऊ लागली. आधी जुनी, मग त्या वर्षीची, न उघडलेली. मग दप्तरं. सातवीतला एक मुलगा स्वतःच घेऊन आला. तो आता गाड्या धुवायला जात होता. "नीट तोला हां," एवढंच म्हणाला. समोरच्या घरातली आठवीतली ताई गाडीपाशी यायची, भिंगरीला केसांना लावायच्या पिना द्यायची. तिचं लग्न लावून दिलं. तिची पुस्तकं तिच्या आईने दिली. भिंगरीने ती गठ्ठ्यात न टाकता गाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवली आणि संध्याकाळी बापाने ती न बोलता गठ्ठ्यात टाकली. मला वाईट वाटलं. तरीही मी 'रद्दी, द्या भंगार' असंच म्हणत राहिलो, कारण माझ्यात तेवढंच भरलं होतं.

शेवटी शाळा उघडली. बंद झाली तेव्हा भिंगरी तिसरीत होती, उघडली तेव्हा पाचवीत होती. मधली चौथी कुठून गेली ते कोणी पाहिलं नाही. सगळ्यांना पास केलं होतं.

पहिल्या दिवशी फाटकापाशी गाडी आली. बापाने बटण फिरवून मला बंद केलं, आणि गाडी तशीच पुढे गेली.

"पुढच्या आठवड्यापासून जाईल," तो टपरीवर म्हणाला. पुढच्या आठवड्यात म्हणाला, "गुडघा जरा बरा होऊ दे." त्यानंतर म्हणाला, "आणि तिला सगळं येतंच की! बाकीच्यांना तिच्या बरोबरीला येऊ दे आधी." मला वाटलं होतं भिंगरी हट्ट करेल. पण फाटक आलं की ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला व्हायची आणि खाली बघून ढकलायची. दुकानांच्या पाट्या वाचणंही तिने कधीच सोडून दिलं होतं. ते बापाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण आता गाडी मागे घ्यावी लागत नव्हती, आणि त्याला ते सोयीचं होतं.

काही दिवसांनी बाई स्वतः घरी आल्या. आई लगबगीने चहाला लागली. मी दाराशी गाडीला बांधलेलाच होतो.

"वर्गात काय झालं सांगू?" बाई पायरीवरच बसल्या. "सातचा पाढा म्हणा म्हटलं. पहिल्या गल्लीतला एक उठला आणि मलाच म्हणाला, मुलांनो, कसे आहात? मधल्या गल्लीतली एक सात चोक अठ्ठावीसला सुरू झाली आणि एकोणपन्नासला 'द्या भंगार' म्हणून खाली बसली." त्या हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. "भिंगरीला पाठवा हो. पाचवीत आहे ती."

"बाई, तिला अख्खं येतं," बाप म्हणाला. "फोटो आलाय पेपरात." त्याने गादीखालून तो पेपर काढला आणि अभिमानाने भिंगरीच्या हातात दिला. "वाच ग. काय लिहिलंय आपल्याबद्दल, बाईंना वाचून दाखव. आम्हाला पण कळू दे."

भिंगरीने पेपर हातात घेतला, सरळ धरला. क्षणभर थांबली आणि मग घडाघडा सुरू झाली. "परिसर म्हणजे आपल्या आजूबाजूचं सगळं. माती, पाणी, हवा, झाडं आणि माणसं. आपला परिसर आपण स्वच्छ ठेवला पाहिजे..."

बाप मान डोलावत होता. दोन वाक्यं डोलावली. तिसऱ्याला त्याची मान थांबली. त्याला वाचता येत नाही, पण हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. त्यांच्यामागून तो सगळी वस्ती चालला होता.

"हे तर याच्यातलं आहे," तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बोट केलं.

भिंगरीने पेपर खाली केला. आईच्या हातातला कप तसाच राहिला.

"पेपरातलं वाच," बाप हळूच म्हणाला.

"अक्षरं येतात, बाबा," तिचा आवाज इतका बारीक झाला की तो माझ्या कामाचा नव्हता. "एकेकटी असली की ओळखू येतात. जोडून आली की लागत नाहीत. आधी लागायची. आता नाही लागत."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगणार? भोंगा थांबतच नव्हता."

बाप खाली बसला. "मला वाटलं, ही शिकतेय," तो बाईंना म्हणाला. "दिवसभर शिकतेय, वाटलं."

"मलाही तेच वाटलं," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंगरीच्या हातातून पेपर काढून घेतला आणि घडी घातली. चहा तसाच निवला.

आता माझं म्हणाल, तर माझा पडदा फाटलाय, वरच्या सुरात गेलो की घरघरतो. धड्यांचं कार्ड बापाने काढून बाईंना परत दिलं. मी पुन्हा डबे, बाटल्या आणि पत्र्यावर आलो आहे आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. एकच विनंती आहे. पुन्हा कधी तशी वेळ आली, तर मला हवं तेवढं ओरडायला लावा, पण मला मास्तर करू नका. मी चांगला भोंगा आहे. समोरच्या मुलाचा चेहरा पडला हे मला दिसत नाही, आणि दिसलं तरी मला थांबता येत नाही. ज्याला थांबता येतं असं कोणीतरी त्या मुलांसमोर उभं करा.

त्या दिवसानंतरची सकाळ सांगतो आणि तुमची रजा घेतो.

"मी मोठी दिसेन सगळ्यांत," निघताना भिंगरी म्हणाली. "वाचता नाही आलं की हसतील."

"हसू दे," बाप म्हणाला. "मला रोज हसतात. मरत नाही माणूस." आईने दप्तराचा तुटलेला बंद दोऱ्याने शिवून दिला. चढावरचा माल आता कोण ढकलणार, हे दोघांनाही माहीत नव्हतं. चढापलीकडच्या गल्ल्या सोडून द्यायच्या, एवढंच ठरलं. त्या गल्ल्या म्हणजे कमाईचा बराच भाग होता.

फाटकापाशी मला बंद केलं. बंद असलो तरी मला ऐकू येतं. हुकूम तोंडाला आहे, कानाला नाही. भिंगरी आत गेली. बाप जायला निघाला आणि वर्गाच्या खिडकीखाली थांबला. चाक ढिलं झालंय म्हणाला. चाकाला काही झालं नव्हतं. तो खाली बसून त्याच्याशी उगाच खटपट करत राहिला.

आत बाई फळ्यावर लिहीत होत्या, मोठ्याने वाचत होत्या आणि सगळा वर्ग एका सुरात त्यांच्यामागून म्हणत होता. त्या सुरात भिंगरीचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता. सगळ्यांत स्पष्ट आणि सगळ्यांत मोठा होता तो. ऐकून ऐकून म्हणणं तिला सवयीचंच होतं. बापानेही तो ओळखला आणि त्याचा हात चाकावर थांबला. दुसरी ओळ झाली, तिसरी झाली. चौथ्या ओळीला तिचा आवाज आला नाही.

"बाई, थांबा."

वर्ग गप्प झाला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मला नाही कळलं," भिंगरी म्हणाली.

बाई थांबल्या. "कुठून नाही कळलं, बाळ?"

बाप खिडकीखाली श्वास धरून बसला होता.

"पहिल्यापासून."

बाईंनी फळा पुसला. बाप उठला आणि एकट्याने गाडी ढकलायला लागला.